लुपिता तोव्हार : रात्रपाळीची नायिका

प्रश्न असा आला आहे : "1931 सालचा स्पॅनिश 'ड्राकुला' पाहिला. त्यात एव्हाचं काम करणारी लुपिता तोव्हार मेक्सिकोच्या पहिल्या बोलपटाचीही नायिका होती असं वाचलं. मग पस्तिशीतच ती पडद्यावरून नाहीशी का झाली? कुठे कमी पडली? आणि तिचं काम नीट पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?"

माझं कामाचं सगळं आयुष्य जुन्या फिल्मच्या रिळांबरोबर गेलं. रीळ उलगडायचं, कडेची भोकं तपासायची, तुटलं असेल तिथे जोडायचं, डाग कुठे पडलेत ते वहीत लिहून ठेवायचं. बोलपटाची पहिली पाच वर्षं हा माझ्या जिव्हाळ्याचा काळ आणि लुपिता ही त्या काळातली माझी सर्वांत आवडती नटी, त्यामुळे उत्तर लांबणार. 'कुठे कमी पडली' याचं उत्तर मात्र आधीच देऊन टाकते : कुठेही नाही. ज्या दारातून ती सिनेमात आली, ते दार जेमतेम तीन वर्षं उघडं होतं. ते कशामुळे उघडलं आणि कशामुळे मिटलं, हे कळल्याशिवाय तिची कारकीर्द कळत नाही.

तिचा जन्म 27 जुलै 1910 चा, दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, मातीआस रोमेरो या गावी. हे रेल्वेचं गाव, आणि वडीलही रेल्वेतच नोकरीला. आईचं माहेरचं आडनाव सलिव्हन, म्हणजे घराण्यात आयरिश रक्त. पाळण्यातलं नाव ग्वादालुपे. त्याचं लाडाचं रूप लुपिता. ती चार महिन्यांची असताना मेक्सिकोची क्रांती पेटली आणि दहा वर्षं देश धुमसत राहिला. सैन्यं, घोडे, दारूगोळा सगळं आगगाडीनेच हलायचं, त्यामुळे रेल्वेतल्या माणसाच्या घरी स्वस्थता कुठली! नऊ भावंडांत ती थोरली. घर गरीब आणि अतिशय देवभोळं, शाळा नन्सची. पुढे कुटुंब मेक्सिको सिटीला आलं.

1928 मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी मेक्सिको सिटीत आला होता. 'नानूक ऑफ द नॉर्थ' करणारा, माहितीपटाचा आद्य पुरुष म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीसाठी नवे चेहरे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. शाळकरी मुलींमध्ये त्याला लुपिता दिसली. कॅमेऱ्यासमोर चाचणी झाली, करार पुढे आला, आणि घरात वादळ उठलं. अठरा वर्षांची मुलगी परदेशी, तीही सिनेमात! वडील ऐकेनात. शेवटी आईची आई सोबत जाणार या अटीवर परवानगी मिळाली. आजी आणि नात अशी जोडी 1928 च्या नोव्हेंबरात हॉलिवूडमध्ये उतरली. मला हे चित्र फार जवळचं वाटतं. आपल्याकडे त्याच काळात 'चांगल्या घरातल्या' मुलींनी सिनेमात जावं की नाही यावर घराघरांत हीच भांडणं चालली होती.

फॉक्सने तिची शिकवणी लावली : रोज इंग्रजी, अभिनय, स्पॅनिश नाच, गिटार. लहानसहान भूमिका मिळू लागल्या. 1929 च्या 'द व्हेल्ड वुमन' या मूकपटात ती होती, आणि त्याच चित्रपटात बेला लुगोसी नावाचा एक हंगेरियन नट होता. पुढे दोनच वर्षांनी दोघं एकाच कथेच्या दोन वेगवेगळ्या चित्रपटांत असणार होती.

आणि तेवढ्यात बोलपट आला.

मूकपटाला भाषा नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की लॉस एंजेलिसमध्ये काढलेला चित्रपट ब्युनोस आयर्सला, प्रागला, मुंबईला चालत असे. मेक्सिकन नटीचा उच्चार कुणाला कळत होता? दोलोरेस देल रिओ तर मूकपटात रशियन शेतकरीण, फ्रेंच मुलगी असं काहीही होऊ शकली. आवाज आला आणि एका झटक्यात दोन गोष्टी झाल्या. इंग्रजी अडखळत बोलणारे नट-नट्या इंग्रजी चित्रपटांना नकोसे झाले. फॉक्सने लुपितालाही सोडलं. आणि दुसरीकडे इंग्रजी न कळणारा जगभरचा प्रेक्षक हॉलिवूडच्या हातून निसटू लागला. आज आपण म्हणू, डबिंग करायचं. पण 1929-30 मध्ये वेगवेगळे ध्वनिपट्टे एकत्र मिसळण्याचं तंत्र कच्चं होतं; ओठ आणि आवाज जुळवणं जिकिरीचं, आणि परक्या तोंडातून आपली भाषा ऐकणं प्रेक्षकांना खटकायचं. मग स्टुडिओंनी सरळ महागडा मार्ग धरला : तीच कथा, तेच सेट, पण दुसऱ्या भाषेतले नट घेऊन अख्खा चित्रपट पुन्हा चित्रित करायचा. पॅरामाउंटने तर पॅरिसजवळ जोआंव्हिलला यासाठी वेगळा स्टुडिओच चालवला.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. प्रभातने 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. फरक एवढाच की आपल्याकडे दुर्गाबाई खोटे दोन्ही भाषांत तारामती झाल्या. हॉलिवूडला असे दुभाषी नट मिळणं अवघड, म्हणून तिथे संच बदलायचा. सकाळी इंग्रजी संच, रात्री स्पॅनिश.

ही 'रात्री' कल्पना पॉल कोनरची. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या, आताच्या चेकियातल्या तेप्लित्स गावचा हा ज्यू तरुण युनिव्हर्सल स्टुडिओत परदेशी आवृत्त्यांचं खातं सांभाळत होता. बोलपटामुळे ते खातंच बंद पडायच्या बेताला आलेलं. आणि त्याचं मन लुपितावर बसलेलं, जी काम नसल्यामुळे मेक्सिकोला परत निघाली होती. त्या कुटुंबात सांगितली जाणारी हकिगत अशी की तिला थांबवायचं कसं या विचारातून कोनरला युक्ती सुचली. त्याने स्टुडिओचे मालक कार्ल लेमली यांना गाठलं : दिवसा जे सेट वापरता ते रात्री रिकामेच असतात, मला द्या, स्पॅनिश चित्रपट थोडक्या पैशांत काढून दाखवतो. लेमली काटकसरी माणूस. त्यांना हिशेब पटला. प्रेमाचा भाग हकिगतीत किती आणि हिशेबाचा किती, हे आपण कशाला तोलायचं? दोघांनी पुढे साडेपाच दशकांचा संसार केला.

पहिला प्रयोग 1930 चा 'ला बोलुंताद देल मुएर्तो', म्हणजे 'मृताची इच्छा'. 'द कॅट क्रीप्स' या भयपटाची ही स्पॅनिश आवृत्ती. लॅटिन अमेरिकेत तो जोरात चालला आणि लुपिता रातोरात नायिका झाली. हा चित्रपट आज हरवलेला मानला जातो, इंग्रजी मूळही तसंच. त्याचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. तिच्या कारकिर्दीतली पहिली मोठी भूमिका आपल्याला पाहता येत नाही, हे मनात ठेवूनच तिच्याबद्दल मत बनवावं.

मग 'ड्राकुला'. (इंग्रजी तो 'ड्रॅक्युला', स्पॅनिश तो 'ड्राकुला' असं मी लिहिते, म्हणजे घोटाळा होत नाही.) 1930 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात युनिव्हर्सलच्या आवारात दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगचा इंग्रजी संच दिवसा चित्रण करी. संध्याकाळी ती मंडळी घरी गेली की जॉर्ज मेलफर्डचा स्पॅनिश संच यायचा आणि पहाटेपर्यंत काम चाले. मध्यरात्री जेवणाची सुट्टी. तोच जिना, तेच तळघर, जमिनीवर नटांनी कुठे उभं राहायचं त्या खुणाही त्याच. मेलफर्डला स्पॅनिश येत नव्हतं. दुभाष्याच्या मदतीने तो दिग्दर्शन करी. इंग्रजी चित्रपटाला सुमारे 3.5 लाख डॉलर लागले, स्पॅनिशला सुमारे 66 हजार. आणि तरी निघालेला चित्रपट लांब आहे : इंग्रजी 75 मिनिटं, स्पॅनिश 104.

गंमत पुढेच आहे. रात्रपाळीवाल्यांना दिवसपाळीचं काम पाहायला मिळत होतं. इंग्रजी संचाने आज काय केलं ते पाहायचं आणि आपण ते याहून चांगलं कसं करू याचा विचार करायचा, अशी जिद्दच त्यांना लागली. कॅमेरामन जॉर्ज रॉबिन्सनने कॅमेरा हलवला. इंग्रजीत ड्रॅक्युला जिन्यावर उभा दिसतो. स्पॅनिशमध्ये कॅमेरा त्या जिन्यावरून सरसर वर चढत त्याच्यापर्यंत जातो. माझ्या मते चित्रणाच्या दृष्टीने रात्रीचा चित्रपट दिवसाच्या चित्रपटापेक्षा सरस आहे. मुख्य भूमिकेत मात्र उलट. स्पॅनिशमध्ये ड्राकुला झालेल्या कार्लोस विल्यारीआसला इंग्रजीतल्या ड्रॅक्युलाची, म्हणजे लुगोसीची, नक्कल करायला सांगितलेलं होतं, आणि नक्कल नक्कलच राहते. डोळे वटारले की भीती वाटतेच असं नाही. शिवाय पैसे वाचवायला काही लांबचे शॉट इंग्रजी चित्रपटातूनच उचललेले आहेत, त्यात पाठमोरा लुगोसी तुम्हाला सापडेल.

आता लुपिताकडे या. तीच भूमिका इंग्रजीत हेलन चँडलरने केली आहे, मीना या नावाने. चँडलर नाजूक, फिकट, झोपेत चालल्यासारखी. तिच्याकडे पाहून वाटतं की ही आधीच अर्धी या जगातून गेली आहे. लुपिताची एव्हा जिवंत आहे. सुरुवातीला ती हसते, मैत्रिणीची थट्टा करते, अंगात विशीचा उत्साह आहे. म्हणून ड्राकुलाने रक्त प्यायल्यावर जे बदलतं ते आपल्याला दिसतं. गच्चीवरचा रात्रीचा प्रसंग पाहा : होणाऱ्या नवऱ्याशी, हुआनशी, ती बोलत असते. आवाज खाली येतो, डोळ्यांत चमक येते, आणि प्रेमाने जवळ येणारी बाई कुठल्या क्षणी त्याच्या गळ्याकडे पाहू लागली ते बोट ठेवून सांगता येत नाही. वीस वर्षांची नन्सच्या शाळेतली मुलगी हे करते आहे. तिला अंगभर न झाकणारा, गळा खोल असलेला झगा दिला होता. इंग्रजी आवृत्तीत असं काही चाललं नसतं; परदेशी आवृत्त्यांवर सेन्सॉरची नजर तेवढी कडक नव्हती. पण फरक कपड्यांचा नाही. लुपिता तो झगा विसरून वावरते, आणि त्यामुळे प्रसंग बिघडत नाही.

एक दोषही सांगायला हवा, कारण त्या काळच्या स्पॅनिश प्रेक्षकांना तो फार टोचला. या एका घरात विल्यारीआस आणि रेनफील्ड झालेला पाब्लो आल्वारेस रुबिओ स्पेनचे, लुपिता आणि व्हान हेल्सिंग झालेला आरोसामेना मेक्सिकोचे, हुआन झालेला बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा. एकाच दिवाणखान्यात बसलेल्या चार माणसांपैकी एकाने मालवणी, एकाने वऱ्हाडी आणि एकाने सदाशिव पेठेतलं मराठी बोलावं, तसं ते ऐकू येतं. हॉलिवूडच्या लेखी 'स्पॅनिश' ही एकच भाषा होती. ती ज्यांची भाषा होती त्यांना लगेच कळायचं की हे घर कुठलंच नाही.

'ड्राकुला' 1931 च्या मार्चमध्ये हवानात लागला, एप्रिलमध्ये मेक्सिको सिटीत. आपल्याकडे 'आलम आरा' लागला तोही त्याच मार्चमध्ये.

त्याआधीच, 'ला बोलुंताद'च्या निमित्ताने लुपिता मायदेशी गेली होती आणि तिला पाहायला झुंबड उडाली होती. 'मेक्सिकोची प्रेयसी' हे बिरुद तिला तेव्हाच चिकटलं. या प्रवासातून पुढे आली 'सांता'. तिच्या देशात तिचं नाव घेतलं जातं ते या चित्रपटासाठी. ड्राकुला तिथे दुय्यम आहे.

'सांता' ही फेदेरिको गांबोआची 1903 ची कादंबरी, मेक्सिकोत घरोघरी वाचलेली. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला चिमालिस्ताक नावाचं तेव्हा खेडं होतं. तिथली सांता नावाची मुलगी एका सैनिकाच्या प्रेमात फसते, भाऊ तिला घराबाहेर काढतात, ती शहरातल्या कुंटणखान्यात येते. बैलांशी झुंजणारा एक मतादोर तिला ठेवतो आणि टाकतो. तिच्यावर खरं प्रेम करतो तो तिथला आंधळा पियानोवादक, हिपोलितो. शेवटी ती आजारात जाते. नावाचा अर्थच 'संत स्त्री'. पापी आणि संत एकाच बाईत पाहण्याची ही गोष्ट मेक्सिकन सिनेमाने पुढे शंभर रूपांत सांगितली.

बोलपटाच्या आधी 1918 मध्येही 'सांता' मूकपट म्हणून आला होता. त्यातली नायिका एलेना सांचेस बालेन्सुएला. हिच्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अभिनय सोडल्यावर ती पत्रकार झाली, आणि 1942 मध्ये मेक्सिकोत राष्ट्रीय चित्रपट संग्रह उभारायला तिनेच पुढाकार घेतला. पडद्यावरची पहिली सांता आपल्या देशाची रिळं वाचवायला धावली. माझ्या व्यवसायातल्या बायकांमध्ये मी तिला फार वरचं स्थान देते.

आणि 1932 च्या 'सांता'त कुंटणखान्याच्या मालकिणीचं काम केलं आहे मिमी देर्बाने. संगीत-नाटकांच्या रंगभूमीवरून आलेल्या या बाईने 1917 मध्ये एन्रिके रोसासबरोबर आस्तेका फिल्म्स ही कंपनी काढली आणि एका वर्षात पाच चित्रपट केले. त्यांतल्या 'ला तिग्रेसा'चं दिग्दर्शन तिचं मानलं जातं, म्हणून मेक्सिकोची पहिली स्त्री-दिग्दर्शक हा मानही तिला देतात. तेव्हा 'सांता'त लुपिता आणि मिमी समोरासमोर उभ्या असतात, तो प्रसंग मी कथेसाठी पाहत नाही. एक बाई आपल्या देशात सिनेमा नावाचा धंदा उभा राहावा म्हणून पंधरा वर्षांपूर्वी झगडली होती. दुसरीच्या चेहऱ्यावर तो धंदा आता खरोखर उभा राहणार होता.

'पहिला बोलपट' या दाव्याबद्दल सावध राहा. 'सांता'च्या आधीही मेक्सिकोत बोलणारे चित्रपट निघाले होते, पण त्यांचा आवाज तबकडीवर असायचा : प्रोजेक्टर एकीकडे, तबकडी दुसरीकडे, आणि सुई घसरली की नायिकेच्या तोंडून खलनायकाचा आवाज. 'सांता'त आवाज फिल्मवरच, चित्राच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात छापला गेला. ते यंत्र रॉड्रिगेस बंधूंनी, होसेलितो आणि रोबेर्तो यांनी, बनवलं होतं. परदेशी यंत्रांचं भाडं मेक्सिकोला परवडणारं नव्हतं. घरचं यंत्र मिळालं म्हणून बोलपटाचा धंदा तिथे मूळ धरू शकला. दिग्दर्शक आंतोनिओ मोरेनो हा हॉलिवूडमध्ये नाव कमावलेला स्पॅनिश नट, कॅमेरामन अलेक्स फिलिप्स कॅनडाचा. गाणं आगुस्तिन लाराचं. 30 मार्च 1932 ला मेक्सिको सिटीतल्या सिने पालासिओ या चित्रपटगृहात तो लागला.

चित्रपट म्हणून 'सांता' आज पाहायला सोपा नाही. संवाद थांबून थांबून येतात, नट मायक्रोफोनच्या आसपास खिळल्यासारखे उभे असतात, दोन वाक्यांमधल्या शांततेत ध्वनिपट्टीची खरखर ऐकू येते. पण लुपिताने एक गोष्ट अचूक ओळखली होती : सांताने रडायचं कमी. चिमालिस्ताकमधली मुलगी आणि कुंटणखान्यातली बाई यांच्यात तिने चालण्यातून फरक केला आहे. पहिल्या भागात ती पावलं टाकते ती मोकळ्या जमिनीवर चालणाऱ्या मुलीची. नंतर ती खोलीत शिरताना क्षणभर थांबते, कोण आपल्याकडे पाहतंय याचा अंदाज घेते आणि मग चालू लागते. रात्रपाळीत खुणांवर उभं राहायला शिकलेली नटी इथे खुणा पुसून टाकते.

एवढं यश मिळाल्यावर ती मेक्सिकोतच राहिली असती तर? हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. ती राहिली नाही. 1932 च्या ऑक्टोबरात चेकोस्लोव्हाकियात कोनरच्या आईवडिलांच्या घरी त्यांचं लग्न झालं. कोनर तेव्हा युनिव्हर्सलसाठी बर्लिनमध्ये काम करत होता. पुढच्याच जानेवारीत हिटलर सत्तेवर आला, आणि ज्यू निर्मात्याला बर्लिनमध्ये थारा उरला नाही. तिकडे हॉलिवूडमध्ये डबिंग आणि उपशीर्षकं सुधारली होती. एका चित्रपटासाठी दोन संच पोसायची गरज संपली. प्रेक्षकांनाही नकलेपेक्षा खरा लुगोसी, खरी गार्बो पाहायची होती, भले खाली अक्षरं वाचावी लागोत. मोजके अपवाद सोडले तर स्पॅनिश आवृत्त्या थांबल्या. लुपितासाठी उघडलेलं दार मिटलं ते असं.

उरले इंग्रजी चित्रपट. त्यात मेक्सिकन नटीला काय मिळायचं याची यादी वाचली तरी जीव कष्टी होतो : सीमेवरची मुलगी, कौबॉयच्या वाटेतली सेन्योरिता, बेटावरची 'नेटिव्ह' बाई. 1931 च्या 'ईस्ट ऑफ बोर्निओ'त ती अशीच एक. (त्याच चित्रपटाची कात्रणं जोडून जोसेफ कॉर्नेल या कलावंताने पुढे नायिका रोझ होबार्टवर एक स्वप्नासारखा लघुपट बनवला.) 1936 मध्ये इंग्लंडमध्ये बस्टर कीटनबरोबर एक विनोदी चित्रपट, तोही कीटनच्या पडत्या काळातला. 1939 मध्ये जीन ऑट्रीबरोबर, 1940 मध्ये गॅरी कूपरच्या 'द वेस्टर्नर'मध्ये छोटी भूमिका. मधूनमधून मेक्सिकोत जाऊन केलेले चित्रपट आहेत, त्यात 1943 चा 'रेसुरेक्सिओन' आणि 1944 चा 'मिगेल स्त्रोगॉफ' महत्त्वाचे. 1945 मध्ये तिने काम थांबवलं.

तिच्या पिढीतल्या दोघींशी तुलना नेहमी होते. लुपे वेलेसला हॉलिवूडने 'तिखट मेक्सिकन' या एकाच साच्यात बसवलं; डिसेंबर 1944 मध्ये, 36 व्या वर्षी, तिने जीव दिला. दोलोरेस देल रिओ 1940 च्या दशकात मायदेशी परतली आणि 'मारिया कांदेलारिया'सारख्या चित्रपटांतून तिला दुसरा जन्म मिळाला. लुपिताचं नाव या दोघींच्या मधे टाकून 'तिलाही परत जाता आलं असतं' असं म्हटलं जातं. मला हे मान्य नाही. दोलोरेसला परतायला एक मोठा उद्योग तयार होता, तो उभा राहायला 'सांता'नेच पाया घातला होता. लुपिताकडे तेव्हा दोन लहान मुलं होती, आणि तिचं घर वेगळ्याच कामात बुडालेलं होतं.

ते काम असं. कोनरने 1938 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डवर कलावंतांची एजन्सी काढली. पुढे जॉन ह्यूस्टन, बिली वाइल्डर, इंगमार बर्गमन अशी माणसं तिच्याकडे होती. पण सुरुवातीच्या वर्षांत नाझींपासून पळालेले लेखक, नट, दिग्दर्शक दारात उभे असत. एर्न्स्ट लुबिच वगैरेंना घेऊन कोनरने युरोपियन फिल्म फंड उभारला. कमावत्या कलावंतांनी पगारातला वाटा द्यायचा आणि तो निर्वासितांना पोचवायचा. स्टुडिओंना पटवून हाइनरिश मान, आल्फ्रेड डॉब्लिन अशा लेखकांना वर्षभराचे करार मिळवून दिले. अमेरिकेचा व्हिसा मिळायला नोकरीचा कागद लागे. तो कागद म्हणजे जीव होता. स्वतः भाषेमुळे काम मिळालेली आणि भाषेमुळेच काम गेलेली लुपिता या घराची मालकीण होती. तिच्या पडद्यावरच्या वर्षांइतकीच ही वर्षं मला मोलाची वाटतात.

मुलगी सुझन कोनर नटी झाली. 'इमिटेशन ऑफ लाइफ' या 1959 च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. मुलगा पांचो निर्माता झाला. सुझनचे मुलगे पॉल आणि क्रिस वाइट्झ दोघंही दिग्दर्शक. क्रिसने 2011 मध्ये 'अ बेटर लाइफ' केला, लॉस एंजेलिसमध्ये राबणाऱ्या मेक्सिकन माळ्याची गोष्ट. आजीने तेव्हा शंभरी गाठली होती. कोनर 1988 मध्ये गेला. लुपिता 12 नोव्हेंबर 2016 ला, 106 व्या वर्षी.

आता माझ्या खात्याची गोष्ट. आज तुम्ही 'ड्राकुला' पूर्ण पाहू शकलात ते कसं?

तेव्हाची फिल्म नायट्रेटची. दिसायला अप्रतिम, स्वभावाने भयंकर. एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, कारण प्राणवायू तिच्या पोटातच असतो. आणि पेटली नाही तरी हळूहळू कुजते : आधी चित्र पिवळं पडतं, मग पृष्ठभाग मधासारखा चिकट होतो, वेटोळे एकमेकांना चिकटतात, फेस येतो, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. त्या डब्याचं झाकण उघडल्यावर येणारा उग्र वास ज्याने घेतला आहे तो विसरत नाही. स्पॅनिश आवृत्त्या स्टुडिओंच्या लेखी वापरून झालेला माल. त्यांची निगा कोण राखणार? अनेक दशकं 'ड्राकुला' फारसा कुणी पाहिलाच नव्हता. निगेटिव्ह सापडलं तेव्हा त्यातलं एक रीळ कुजून गेलेलं होतं.

ते रीळ शाबूत होतं हवानात, क्यूबाच्या चित्रपट संग्रहात. अमेरिका आणि क्यूबा यांच्यात तेव्हा सरळ व्यवहार नाही. डेव्हिड स्काल हे अमेरिकन अभ्यासक 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे जाऊन ती प्रिंट पाहून आले, आणि नंतर तिच्यावरून गेलेला भाग भरून काढला गेला. 1992 मध्ये चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला. 2015 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत, त्याची नोंद झाली. लुपिता तेव्हा हयात होती. तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा मधल्या एका भागात चित्राचा पोत बदलतो, काळा रंग जरा राखाडी होतो, बारीक ओरखडे वाढतात, तिकडे लक्ष ठेवा. ते हवानाचं रीळ.

सुरुवात कुठून करायची? माझा क्रम असा आहे. आधी इंग्रजी 'ड्रॅक्युला' पाहा, पूर्ण, मधे न थांबता. दुसऱ्या दिवशी स्पॅनिश. दोन्ही एका बैठकीत पाहू नका. तुलना डोक्यात चालू राहते आणि दोन्हींचा रस जातो. मग तिसऱ्यांदा फक्त मीना-एव्हाचे प्रसंग शेजारी शेजारी लावा. स्पॅनिश डीव्हीडीवर उतारवयातल्या लुपिताचं प्रास्ताविक आहे, ते शेवटी ऐका, आधी नाही.

नंतर 'सांता'. उपशीर्षकं असलेली प्रत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी वर कथा सांगितली आहे, तेवढ्यावर समजेल. पहिल्यांदा पाहताना आवाज बंद करून पहिली दहा मिनिटं पाहून घ्या, मग आवाज लावून पुन्हा सुरुवातीपासून. मूकपटात तयार झालेली ती मुलगी नवीन नवीन मायक्रोफोनसमोर अंग कसं सावरते, हे त्याशिवाय नजरेत येत नाही. मी विद्यार्थ्यांना हेच करायला लावते. मग मिमी देर्बाबरोबरच्या प्रसंगाशी थांबून तो दोनदा पाहा : एकदा लुपिताकडे बघत, एकदा मिमीकडे.